चित्रातल्या बाईचं नाव

भोपाळचं महाराणा प्रताप नगर हे काही साहित्य-कलेच्या गप्पा मारायचं ठिकाण नव्हे. इथे त्याला कुणी पूर्ण नावानं हाकही मारत नाही, सगळे एम. पी. नगरच म्हणतात. झोन एक, झोन दोन, कोचिंग क्लासच्या एकावर एक चढलेल्या पाट्या, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांचं प्रेस कॉम्प्लेक्स आणि आता डोक्यावरून गेलेले मेट्रोचे खांब. तिथल्याच एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही काही मराठी मंडळी महिन्यातून एकदा जमतो. चहा, बाकरवडी आणि कुणाचं तरी भाषण. एकदा माझी पाळी आली आणि मी विषय घेतला जपानी ठसेचित्रांचा. तरुणपणापासून या चित्रांचा नाद आहे. पडद्यावर चित्रं दाखवत तासभर बोललो आणि खरं सांगायचं तर बरं बोललो असं मला वाटत होतं.

शेवटी कुणाला काही विचारायचंय का, असं झालं. मागच्या रांगेतून एक आजी उभ्या राहिल्या. मूळच्या गोव्याच्या, मुलाच्या नोकरीमुळे इथे आलेल्या, एवढंच मला माहीत होतं.

"सर, ते गेइशा गेइशा म्हणत होतात, त्या शब्दाचा अर्थ काय?"

मी म्हणालो, "म्हणजे... आपल्याकडे नायकिणी होत्या ना, तशा. नाचणाऱ्या, गाणाऱ्या. थोडक्यात, तसल्याच."

"ते त्यांचं काम झालं. मी शब्दाचा अर्थ विचारते."

मला तो ठाऊक नव्हता. तासभर मी ज्यांच्याविषयी बोललो त्यांच्या नावाचा अर्थ मी कधी पाहिलाच नव्हता. 'बघून सांगतो' म्हणून वेळ मारून नेली. घरी येऊन पुस्तक काढलं. 'गेइ' म्हणजे कला. 'शा' म्हणजे ती जाणणारी, करणारी व्यक्ती. दोन्ही जोडून मराठीत लिहायचं तर एकच शब्द होतो, आणि तो गोव्यापासून कारवार-बेळगावपर्यंत प्रत्येकाला माहीत आहे: कलावंत. आणि मी त्या बाईंसमोर 'तसल्याच' म्हणून मोकळा झालो होतो!

हा लेख त्या उत्तराची भरपाई आहे.

आधी जपानची हकिकत सांगतो. तोकुगावा घराण्याच्या शोगुनांनी एदो, म्हणजे आजचं तोक्यो, ही आपली राजधानी केली. शहरात सामुराई, कारागीर आणि व्यापारी पुरुषांची गर्दी झाली. राज्यकर्त्यांनी १६१७ साली परवाना देऊन बाजारबायकांची वस्ती एका जागी बांधली. तिचं नाव योशिवारा. १६५७ च्या मोठ्या आगीनंतर ती शहराबाहेर, असाकुसाच्या पलीकडे हलवली. भोवती खंदक, आत-बाहेर जायला एकच मोठा दरवाजा. पुरुष येत-जात, बायका मात्र आतच. गरीब शेतकऱ्याच्या घरची सात-आठ वर्षांची पोर दलालामार्फत यायची, तिच्या बापाला दिलेला पैसा तिच्या नावावर कर्ज म्हणून मांडला जायचा आणि करार साधारण दहा वर्षांचा असायचा. पण कपडे, अंथरूण, औषधपाणी, सगळं त्या कर्जात मिळवलं जाई. मिनोवा भागात जोकान-जी नावाचं एक मंदिर आहे. बेवारशी मेलेल्या मुलींची प्रेतं चटईत गुंडाळून तिथे आणून टाकत. 'टाकून देण्याचं देऊळ' असंच त्याला लोक म्हणू लागले. तिथे अशा सुमारे पंचवीस हजार जणी पुरल्या असाव्यात असं मानलं जातं.

हे आधी सांगायचं कारण असं, की चित्रं पाहताना ते विसरायला होतं. चित्रं इतकी सुंदर आहेत.

गेइशा या वस्तीत उशिरा आल्या. पहिल्या गेइशा तर पुरुष होते. मैफलीत विनोद करणारे, ढोल वाजवणारे, आपल्याकडच्या सोंगाड्याचे भाऊबंद. अठराव्या शतकाच्या मध्याला स्त्रिया या धंद्यात आल्या आणि बघता बघता त्यांनी पुरुषांना मागे टाकलं. त्यांचं काम गाणं, नाचणं, शामिसेन हे तीन तारांचं वाद्य वाजवणं. यांच्यामुळे आपलं गिऱ्हाईक तुटेल अशी वस्तीतल्या घरमालकांना धास्ती पडली, म्हणून १७७९ साली गेइशांची नोंदणी करणारी कचेरी निघाली. गेइशानं शरीराचा धंदा करायचा नाही, असा तिचा दंडक. पोशाखातही फरक होता. वस्तीतली मानाची वारांगना, म्हणजे ओइरान, कमरेचा रुंद पट्टा पुढे बांधायची, गेइशा मागे. कोण कलेवर जगतं आणि कोण शरीरावर, हे गाठीवरून ओळखायचं. सगळं इतकं स्वच्छ नसायचं, हे उघडच आहे. गेइशालाही एखादा आश्रयदाता धनिक लागायचा. त्याला म्हणत 'दान्ना'. हा शब्द मूळ संस्कृत 'दान'. बौद्ध भिक्षूंना दान देणारा गृहस्थ तो दानपती, आणि त्याचा फिरत फिरत झाला दान्ना. गोव्यातली कलावंतीण आपल्या आश्रयदात्याला काय म्हणायची? 'यजमान'. तोही यज्ञातला शब्द! दोन समुद्रांच्या काठांवर दोन समाजांनी एकाच नात्याला नाव द्यायला धर्माच्याच कोठीत हात घातला.

आता चित्रांकडे येतो. या चित्रांना 'उकियो-ए' म्हणतात, तरंगत्या जगाची चित्रं. 'उकियो' हा उच्चार मुळात बौद्धांच्या दुःखमय संसाराला होता. आपण भवसागर म्हणतो, तसाच. एदोच्या चैनी लोकांनी उच्चार तोच ठेवला आणि अक्षर बदललं, दुःखाच्या जागी तरंगणं आणलं. भवसागर तरून जायचा, असं आपले संत सांगत आले. हे म्हणाले, तरंगूया की जरा.

एक चित्र चार जणांचं असायचं. चितारी रेखाटन करी. कोरणारा ते पातळ कागदावरचं रेखाटन रानचेरीच्या फळीवर उलटं चिकटवून, रेघ सोडून बाकीचं लाकूड काढी. मग प्रत्येक रंगाला वेगळी फळी. ठसे उठवणारा ओल्या कागदावर एकामागून एक रंग चढवी आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीनं कागद पाठीमागून घासी. कागद प्रत्येक वेळी नेमका बसावा म्हणून फळीच्या कोपऱ्यात खाच. आणि या तिघांना पैसा पुरवणारा चौथा, प्रकाशक. पुरे रंगीत ठसे १७६५ च्या सुमाराला हारुनोबूच्या काळात सुरू झाले. सर्वांत कठीण काम कपाळावरच्या केसांचं. तिथे रेघ केसाइतकीच बारीक, म्हणून ते कारखान्यातला सगळ्यांत मुरलेला कारागीर कोरी. आणि एवढं सगळं करून साधं चित्र विकायचं एक-दोन वाडगे शेवयांच्या किमतीला! हे श्रीमंतांच्या दिवाणखान्यातलं चित्र नव्हतं. हमालही ते घेऊन घरी भिंतीला डकवू शकत होता.

या चितारांत उतामारो हा स्त्रियांच्या चेहऱ्यांचा राजा. त्याचा प्रकाशक त्सुताया जूझाबुरो योशिवारातच जन्मला, वाढला. वस्तीच्या दरवाजापाशी दुकान टाकून तिथल्या बायकांच्या नावांची मार्गदर्शिका विकता विकता मोठा झाला. १७९० च्या दशकात या जोडीनं कमाल केली. तोवर चित्रात बाई पूर्ण उभी असायची, कपड्यांची प्रदर्शनी. उतामारोनं चेहरा आणि खांदे एवढंच घेतलं, मागे अभ्रकाची चमकती जमीन, आणि त्या चेहऱ्यांना स्वभाव दिला. १७९४ च्या सुमाराची त्याची एक मालिका आहे, योशिवारातले बारा प्रहर. त्यातलं पहाटे दोनच्या सुमाराचं चित्र मी त्या दिवशी पडद्यावर दाखवलं होतं. झोपेनं पेंगुळलेली एक बाई, एका हातात कागद, दुसऱ्या हातात जळती काडी, आणि पायानं चप्पल चाचपडते आहे. गिऱ्हाईक दिसत नाही, थाटमाट नाही. एका थकलेल्या बाईचा पाय, बस्स.

आणि चित्रांवर नावं असत. ही माझ्या लेखाची मुख्य गोष्ट. अमक्या घरची अमकी, असं लिहिलेलं. उतामारोच्या 'तीन सुंदरी' या प्रसिद्ध चित्रातल्या तिघी आजही नावानं ठाऊक आहेत: तोयोहिना ही गेइशा, ओकिता आणि ओहिसा या चहाच्या दुकानांतल्या मुली. सरकारला हे रुचलं नाही. १७९३ साली हुकूम निघाला, की परवान्याच्या वस्तीतल्या वारांगना सोडून दुसऱ्या कुणा बाईचं नाव चित्रावर छापायचं नाही. उतामारोनं काय करावं? चित्राच्या कोपऱ्यात तो छोट्या वस्तूंची चित्रं काढू लागला. त्या वस्तूंची नावं ओळीनं उच्चारली की बाईचं नाव तयार. पोरांचं कोडंच ते, पण गिऱ्हाइकं मिटक्या मारत सोडवायची. १७९६ ला या कोड्यांवरही बंदी आली. १८०० ला मोठे चेहरेच बंद. १८०४ साली दुसऱ्याच एका कारणावरून, हिदेयोशी या जुन्या सत्ताधीशाची चित्रं छापल्याबद्दल, उतामारोला पन्नास दिवस हातात बेड्या घालून ठेवलं. त्यानंतर दोन वर्षांनी तो गेला.

अर्थात या नावांनाही एक अट होती. वस्तीतल्या बाईचं नाव तिच्या आईबापांनी ठेवलेलं नसे. ते घराच्या मालकीचं. एक गेली की तेच नाव दुसरीला. त्यामुळे चित्रावरच्या नावामागची मुलगी कुठल्या गावची, हे बहुधा हाती लागत नाही. तरी नाव होतं. कुणीतरी एक होती, एवढं तरी कळतं.

आता याच दहा वर्षांत पुण्यात काय चाललं होतं ते पाहा. सवाई माधवरावांची कारकीर्द, कारभारी नाना फडणीस. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार दरबारात आला होता, त्यानं पेशव्यांची नि नानांची चित्रं रंगवली. शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, तिथं तयार झालेल्या गंगाराम तांबटानं वेरूळची लेणी चितारली. पुण्यात बावनखणी होती, सरदारांच्या वाड्यांत नाटकशाळा होत्या, शाहिरांच्या लावण्या घुमत होत्या. बाईशिवाय त्या मैफली झाल्याच नसत्या. पण या लावण्या आठवून पाहा. शेवटच्या कडव्यात शाहिराचं नाव न चुकता येतं, अनेकदा गुरूचंही. जिच्या तोंडून ती लावणी रंगली तिचं नाव कुठे येतं? ती सखी असते, साजणी असते, गोरी नार असते. ठसे कोरण्याची विद्या आपल्याकडेही होती. आपल्या सीमाभागाच्या अगदी शेजारी, मिरजेला, १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर कोरून गीता छापली गेली. तीच हत्यारं, तसेच हात. उतामारोच्या गावात त्यांनी बाईच्या कपाळावरचे केस कोरले, आपल्याकडे भगवंताची वचनं. मी तुलना करून कुणाला खाली दाखवत नाही. फक्त आपली छपाई बाईच्या चेहऱ्यापर्यंत यायला आणखी नव्वद वर्षं लागली, एवढंच.

ती आली शिळाछापावरून. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याला चित्रशाळा काढली आणि देवादिकांची रंगीत चित्रं घरोघर जाऊ लागली. मग १८९४ ला राजा रविवर्म्यानं मुंबईत गिरगावात छापखाना घातला. जर्मन यंत्रं, जर्मन कारागीर, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, म्हणजे जपानी फळ्यांचाच हिशेब. 'शकुंतलाजन्म' हे पहिलं चित्र. प्लेगमुळे छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी आणि सरस्वती कुठल्या गावात पोचल्या नाहीत? आमच्या बेळगावच्या घरी देवघराच्या वर सरस्वती होती. आजीनं तिच्या साडीला खरी जर शिवली होती, टिकल्या चिकटवल्या होत्या. वसंत पंचमीला तिला हार पडायचा.

पण चित्र काढायला समोर कुणी तरी बसावं लागतं. मुंबईतल्या कुलीन घरची बाई त्या काळी परक्या पुरुषासमोर तासन्‌तास बसणं शक्यच नव्हतं. बसल्या त्या गिरगावात राहणाऱ्या गोमंतकीय कलावंतिणी. रविवर्म्याच्या चरित्रकथांतून राजीबाई मुळगावकर हे नाव येतं. दुसरं नाव अंजनीबाई मालपेकरांचं. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची, झोक्यावरच्या मोहिनीसारखी काही चित्रं त्यांच्यावरून काढली असं मानलं जातं. रविवर्म्याच्या चित्रातल्या सीता, दमयंती, मोहिनी, सरस्वती यांच्या नावांच्या पाट्या फ्रेमखाली असत. समोर बसलेलीची पाटी नव्हती. जपानात सरकारला हुकूम काढून नावं पुसावी लागली. आपल्याकडे हुकुमाची गरज पडली नाही.

आमच्याच घरात आणखी एक वस्तू होती, आजोबांचा ग्रामोफोन. गोव्याकडच्या गाणाऱ्या बायकांच्या तबकड्या त्यांना जीव की प्राण. पण तबकडी लावण्याआधी ते रस्त्याकडची खिडकी बंद करायचे. 'लोक काय म्हणतील, बायकांची गाणी ऐकतो.' त्या खोलीच्या भिंतीपलीकडे देवघर. त्यात सरस्वती. त्या दोघी एकाच गल्लीतल्या असू शकतील, हे आजोबांच्या मनात कधी आलं असेल का? माझ्याही मनात, सांगायला लाज वाटते, परवा परवापर्यंत आलं नव्हतं.

अंजनीबाईंचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण चित्रातली सुंदरी म्हणून त्यांना विसरून चालणार नाही. १८८३ साली गोव्यातल्या पेडण्याकडच्या मालपे या गावच्या घराण्यात जन्म. भेंडीबाजार घराण्याच्या नजीर खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं तालीम. ऐन भरात असताना, खाँसाहेब गेल्यानंतर, १९२३ च्या सुमाराला त्यांनी मैफली सोडल्या आणि शिकवण्याकडे वळल्या. १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. गायिकांमध्ये त्या पहिल्या. त्यांच्याकडे शिकायला गेलेल्यांत किशोरी आमोणकर होत्या आणि कुमार गंधर्व होते. आता बघा, कुमारजींचा जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा, आणि १९४८ पासून अखेरपर्यंत ते राहिले इथे आमच्या मध्य प्रदेशात, देवासला. भोपाळहून तीन तासांची वाट. आपण बेळगावकर म्हणतो कुमार आमचे, इथले म्हणतात हमारे. त्या गळ्यात काही जागा अशा आहेत की ज्या मालप्याच्या एका कलावंतिणीच्या आहेत, हे दोघांपैकी कुणी सांगत नाही.

कलावंत समाजाची स्थिती आणि योशिवारातल्या मुलींची स्थिती एक होती असं मात्र कुणी समजू नये. योशिवारातली पोर घरापासून तोडलेली असे. कलावंतिणीचं घर तिच्या आईचं, आजीचं. घर बाईच्या नावानं चाले, मुलगी जन्मली तर तोंड वाकडं होत नसे. देवळाची सेवा, त्याबदली जमीन किंवा उत्पन्न. या बाबतीत गेइशांचं 'ओकिया' हे घर जवळचं. तिथंही घर चालवणारी 'आई', शिकवणारी 'थोरली बहीण', वारशाला दत्तक घेतलेली मुलगी. पण देवळाची सेवा म्हणताना शेंस विधी विसरता येत नाही. वयात येणाऱ्या मुलीचं खोटं लग्न लावायचं, नवरा म्हणून पुरुषवेशातली दुसरी मुलगी उभी करायची, आणि त्यानंतर तिला खरं लग्न नाही, मागणारा यजमान. तिला विचारलं कुणी? देवळाच्या सभामंडपात ती नाचू शकत होती. त्या गाण्यावर माना डोलवणाऱ्यांच्या घरच्या पंगतीत तिला पान नव्हतं. कलावंतिणी, भाविणी, देवळी यांच्या पायऱ्या समाजानं वेगळ्या केल्या होत्या. १८८३ सालच्या कानडा जिल्ह्याच्या गॅझेटिअरात त्यांच्या नोंदी आहेत, पशुपक्ष्यांच्या नोंदी असाव्यात तशा कोरड्या. आणि सौंदत्तीच्या यल्लम्मेला सोडलेल्या मुलींची गोष्ट तर याहून कठोर. तिथे ना गाणं, ना घर. बेळगावच्या वाचकाला ती मी काय सांगू.

कायद्यांचं थोडक्यात सांगतो. जपानात १८७२ साली एक गमतीचा, म्हणजे वाईट अर्थानं गमतीचा, प्रकार झाला. चिनी मजूर भरलेलं पेरूचं एक जहाज योकोहामाला लागलं. हे मजूर गुलाम आहेत म्हणून जपानी न्यायालयानं त्यांना सोडवलं. तेव्हा जहाजवाल्याचा वकील म्हणाला, तुमच्याकडे तर पोरींची खुशाल खरेदी होते! तोंडघशी पडलेल्या सरकारनं त्याच वर्षी वारांगना आणि गेइशा यांना करारातून मुक्त केलं. आदेशाची भाषा अशी, की या बायकांचे माणसाचे हक्क गेलेले आहेत, त्या गाई-घोड्यांसारख्या आहेत, आणि गाई-घोड्यांकडून कोणी कर्ज वसूल करत नाही. मुक्तीचा कागद, पण त्यातही काय शब्द! धंदा दुसऱ्या नावानं चालूच राहिला. खरा बंदीचा कायदा १९५६ चा, अंमल १९५८ पासून. आपल्याकडे पोर्तुगीज गोव्यात १९३० साली मुली देवाला वाहण्याला बंदी झाली. मुंबई इलाख्यात देवदासी कायदा १९३४ चा, आणि बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. कर्नाटकानं १९८२ ला नवा कायदा केला.

गोव्यात मात्र कायद्याच्या आधी माणसं उठली. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत या समाजातल्या शिकलेल्या मुलांनी, राजाराम पैंगीणकर त्यांतले एक, परिषदा घेतल्या, शेंस विधी थांबवले, लग्नं लावली आणि जातीची जुनी नावं टाकून 'गोमंतक मराठा समाज' हे नाव घेतलं. पैंगीणकरांनी आत्मचरित्र लिहिलं त्याचं नाव 'मी कोण?'. दोन शब्दांचं हे नाव मला फार मोठं वाटतं. याच समाजातले दयानंद बांदोडकर पुढे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले.

बायकांचं नाव परत आणलं ते मात्र परिषदांनी नव्हे, यंत्रानं. १९०२ साली कलकत्त्याला ग्रामोफोनसाठी गौहरजाननं गाणं भरलं आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव मोठ्यानं सांगितलं. तबकड्या छापायच्या जर्मनीत, तिथल्या माणसाला वरचं लेबल बिनचूक लावता यावं, म्हणून ही युक्ती. किती साधं कारण! पण त्यामुळे गाणाऱ्या बाईचं नाव तिच्याच तोंडून घरोघर गेलं. खिडकी बंद करणाऱ्या माझ्या आजोबांच्या खोलीतही. सिनेमाला एवढं धाडस नव्हतं. रविवर्म्याच्या छापखान्यात काम केलेल्या फाळक्यांना १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना. नाचगाणं करणाऱ्या बायकांनीही नकार दिला, शेवटी अण्णा साळुंके या आचाऱ्याला लुगडं नेसवावं लागलं. आणि केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानावरच्या तबकडीवर अंतराळात गेली. त्याच सप्टेंबरात, दुसरं यान सुटल्यावर अकरा दिवसांनी, बाई वारल्या.

नाव घेणं चांगलंच, असा निष्कर्ष मी जवळजवळ काढला होता. पण एक जपानी किस्सा आडवा येतो. १९९७ साली एका अमेरिकन लेखकाची गेइशावरची कादंबरी जगभर गाजली. क्योतोच्या गिओन भागातल्या निवृत्त गेइशा मिनेको इवासाकी यांनी त्याला आपलं आयुष्य सांगितलं होतं. नाव गुप्त राहील, असं आपल्याला वचन होतं, असं त्यांचं म्हणणं. लेखकानं पुस्तकाच्या आभारात त्यांचं नाव छापलं. २००१ साली त्यांनी दावा लावला, २००३ मध्ये तडजोड झाली, आणि मधल्या काळात, २००२ साली, त्यांनी स्वतःच स्वतःची कहाणी लिहून काढली. नाव कुणी घ्यायचं, हाही प्रश्न आहेच.

हे सगळं गोळा झाल्यावर मी त्या आजींकडे गेलो. अरेरा कॉलनीत मुलाचा फ्लॅट. 'गेइ म्हणजे कला,' मी सांगायला लागलो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आमचंच नाव." मग तिरफळं घातलेली सोलकढी दिली. मी त्या दिवशीच्या 'तसल्याच'बद्दल माफी मागितली तर म्हणाल्या, "सर, तुम्ही निदान घरी जाऊन बघितलंत."

निघताना त्यांनी कपाटातून जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. तबकडी होती. लेबल पिवळं पडलेलं, कडेला एक टवका उडालेला. "माझी आजी. वाजवायला यंत्र नाही आता. वाचा." मी वाचलं. आधी 'बाई', मग नाव, मग गावावरून आडनाव.

"मोठ्यानं वाचा."

मी मोठ्यानं वाचलं.

लेखात हे नाव घालू का, असं मी विचारलं. त्या थोडा वेळ तबकडीवरची धूळ पदरानं पुसत राहिल्या.

"तुमचा तो दिवाळी अंक बेळगावात जातो ना? नातवाचं लग्न ठरलंय. मुलगी तिकडचीच आहे. घरी तुमचा अंक येतो, त्यांनीच सांगितलं." त्यांनी फडक्याची एकेक घडी परत नीट घातली. "नाव नको. लग्न होऊ दे. मग विचारा."

लग्न मार्गशीर्षात आहे. मला आमंत्रण आहे.